अंदाजाचे ग्रॅम: भाजणी विकायला काढली त्याची हकिगत

चकलीची आणि थालिपीठाची भाजणी घरी करून नात्यात वाटणं वेगळं आणि पाकिटावर किंमत छापून दुकानात ठेवणं वेगळं. मधल्या वाटेत काय काय लागतं हे एका जागी नीट लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, म्हणून वहीतल्या तारखा समोर ठेवून लिहिते आहे. हा सगळा प्रकार पुण्यातला, राहत्या घरातला, जानेवारी ते नोव्हेंबर २०२३ मधला. शुल्क आणि नियम तेव्हाचे आहेत, अर्ज भरण्याआधी त्या त्या सरकारी पोर्टलवर एकदा पाहून घ्या. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात करायची नाही.

सुरुवात कागदपत्रांपासून करू नका, कृतीपासून करा. घरातली कृती अशी होती: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, वाटीभर उडीद डाळ, मूठभर पोहे, धणे-जिरे अंदाजे. या 'अंदाजे'ला ग्रॅममध्ये आणायला जानेवारी आणि फेब्रुवारी गेले, अकरा घाणे झाले. शेवटी चकलीच्या भाजणीचं जे प्रमाण ठरलं ते असं: तांदूळ ४ किलो, हरभरा डाळ २ किलो, उडीद डाळ १ किलो, मूग डाळ आणि जाडे पोहे प्रत्येकी अर्धा किलो, साबुदाणा २५० ग्रॅम, धणे २०० ग्रॅम, जिरे १०० ग्रॅम. एकूण ८ किलो ५५० ग्रॅम. तांदूळ जुनाच घ्यायचा. नव्या तांदळात ओल जास्त असते, भाजायला वेळ लागतो आणि पीठ चिकट होतं.

खरी अडचण भाजण्यात होती. 'खमंग वास येईपर्यंत', 'गुलाबी होईपर्यंत' हे एका घाण्याला चालतं. पंधराव्या पाकिटाची चव पहिल्यासारखी हवी असेल तर नाकावर विसंबून भागत नाही, कारण तासाभरात नाक त्या वासाला सरावतं आणि मग हात जास्त भाजायला लागतो. उपाय सापडला तो वजनाचा. धान्यात साधारण दहा-बारा टक्के ओल असते. भाजताना ती उडते आणि वजन घटतं. म्हणजे वजन किती घटलं ते मोजलं की भाजणं किती झालं ते कळतं. एक किलो हरभरा डाळ भाजून ९२५ ते ९३० ग्रॅमवर आली की उतरवायची. ९४० च्या वर राहिली तर पिठाला कच्चट वास राहतो आणि कीड लवकर लागते. ९१० च्या खाली गेली तर चकली आतून शिजण्याआधी बाहेरून काळपट होते. तांदूळ आणि डाळी धुऊन वाळवलेल्या असतात, तेव्हा वजन धुण्याआधीचं धरायचं, नाहीतर हिशोब चुकतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र अजिबात नाही. पोहे आणि साबुदाणा यांना मिनिटं पुरतात, डाळींना मंद आच आणि धीर लागतो. जिरे शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर.

भाजून साडेआठ किलोचे ८ किलो ५० ग्रॅम होतात, दळून आणल्यावर ७ किलो ९०० ग्रॅम. दीडशे ग्रॅम गिरणी ठेवून घेते, त्याला इलाज नाही. गिरणीत आपल्या आधी काय दळलं गेलं हे मात्र विचारायचंच. एकदा बाजरीनंतर लगेच चकलीची भाजणी दळली गेली आणि सगळं पीठ राखाडी दिसायला लागलं, चवीलाही फरक पडला. तेव्हापासून पहिलं तीनशे ग्रॅम पीठ वेगळ्या डब्यात धरते, ते घरच्या थालिपीठात जातं. 'ग्लुटेन नाही' असा दावा सार्वजनिक गिरणीत दळलेल्या कुठल्याही पिठावर करू नये, आपल्या जिन्नसांत गहू नसला तरी. उपवासाची भाजणी विकायचा विचार मी याच कारणासाठी सोडला.

कागदपत्रांचा क्रम मला असा सोयीचा पडला.

६ मार्चला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. आधार, पॅन आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढंच लागतं, प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळालं. ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. शोधताना सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स आधी दिसतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहायचं, नसेल तर बाहेर पडायचं.

९ मार्चला आपले सरकार पोर्टलवर दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, म्हणजे लोक ज्याला अजून 'गुमास्ता' किंवा 'शॉप अ‍ॅक्ट' म्हणतात ते. २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता, फक्त सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. शुल्क नाममात्र. मराठी पाटीचा फोटो मागतात, घरातून धंदा असला तरी. दाराशेजारी छोटी पाटी लावून फोटो काढला. सोसायटीच्या सचिवांना पाटी लावायच्या आधी सांगितलं ते बरं झालं. त्यांचा प्रश्न एकच होता, धान्याचे ट्रक येणार का.

१४ मार्चला अन्नसुरक्षेची नोंदणी, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर. २०२३ मध्ये वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर परवाना नको, नोंदणी पुरत होती. शुल्क तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं. सात दिवसांनी, २१ तारखेला, अर्ज परत आला आणि दोन्ही चुका माझ्याच होत्या. व्यवसायाच्या प्रकारात 'विक्रेता' निवडलं होतं. आपण घरी बनवतो तेव्हा 'उत्पादक' हवं, नाहीतर पाकिटावर 'निर्माता' म्हणून स्वतःचं नाव टाकता येत नाही. दुसरी चूक अशी की वीजबिल सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांचं संमतिपत्र जोडलं नव्हतं. साध्या कागदावर सही घेऊन ते जोडलं. अर्ज परत आल्यावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज बाद होतो आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पोर्टल प्रत्येक वेळी कळवेलच असं धरून बसू नका, दर दोन-तीन दिवसांनी स्वतः आत जाऊन पाहा. पाडवा झाल्यावर २४ ला अर्ज पुन्हा पाठवला, ३ एप्रिलला प्रमाणपत्र आलं. चौदा आकडी क्रमांक, पहिला आकडा २. परवाना असेल तर पहिला आकडा १ असतो.

या क्रमांकावरून माझे ३,६०० रुपये बुडाले. उत्साहाच्या भरात मार्चमध्येच दोन हजार लेबलं छापून ठेवली होती, क्रमांकाची जागा मोकळी सोडून. नंतर शिक्का मारू असा बेत. प्लॅस्टिकच्या लेबलावर शिक्क्याची शाई पुसते. वरून कळलं की लेबल फक्त मराठीत असून चालत नाही. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवाच, मराठी त्याशिवाय. सगळी लेबलं रद्दीत गेली. दुसऱ्यांदा फक्त पाचशे छापली, अडीच रुपयाला एक. उलाढाल वाढून पुढे परवाना घ्यावा लागला तर क्रमांक बदलेल, म्हणून स्वस्त पडतात म्हणून हजारोंनी छापून ठेवू नका.

लेबलवर दोन कायद्यांचा मजकूर एकत्र येतो, म्हणून गोंधळ होतो. अन्नसुरक्षेकडून पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने जिन्नस, पोषणमूल्यं, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि 'या तारखेपूर्वी वापरा' ही तारीख, साठवणुकीची सूचना. माझ्या थालिपीठाच्या भाजणीत गहू आहे, तो अ‍ॅलर्जीच्या ओळीत वेगळा लिहावा लागतो. वैधमापनाकडून, म्हणजे वजनमापांच्या सरकारी खात्याकडून, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शिवाय एका ग्रॅमला किती रुपये पडतात ते. अर्धा किलो १४० रुपयांना असेल तर '०.२८ रुपये प्रति ग्रॅम' असं. घरचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येक पाकिटावर जातो याची आधीच तयारी ठेवा. वेगळं सिम घ्या. दिवाळीच्या आठवड्यात रात्री साडेअकराला 'चकली तेलात विरघळते आहे' असे फोन येतात.

पोषणमूल्यांसाठी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत प्रत्येकी अर्धा किलोचे नमुने दिले. एका नमुन्याला ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. मी पूर्ण तपासणी चकलीच्या भाजणीचीच केली, थालिपीठाच्या भाजणीची ओल तेवढी पाहिली, ती त्यांनी त्याच पैशांत करून दिली. अहवाल नऊ दिवसांनी आला. चकलीच्या भाजणीत ओल ५.८ टक्के निघाली. हा आकडा मला सगळ्यात उपयोगी पडला, कारण वजन घटवण्याची माझी रीत बरोबर आहे हे त्यावरून कळलं. टिकाऊपणासाठी बारा पाकिटं कपाटात ठेवून दर दहा दिवसांनी एक फोडत गेले. चौथ्या महिन्यात वास मंदावला, म्हणून लेबलवर तीन महिने.

घरात वापरायचा, ऑनलाइन मागवलेला छोटा वजनकाटा धंद्यात चालत नाही. वैधमापन विभागाची पडताळणी आणि मुद्रांकन झालेलाच काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. दुकानदाराने आधी तीस किलोचा, पाच ग्रॅमच्या टप्प्याचा काटा दाखवला. अर्ध्या किलोच्या पाकिटाला तो निरुपयोगी आहे. दहा किलोचा, एका ग्रॅमच्या टप्प्याचा घेतला, मुद्रांकनासह ३,८००. अर्ध्या किलोच्या पाकिटाला कायदा १५ ग्रॅमची तफावत सोसतो, पण सरासरी कमी भरता कामा नये. मी ५०३ भरते. पाकीटबंद माल विकणाऱ्याला याच विभागाकडे वेगळी नोंदणी करावी लागते, शुल्क ५००, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत. ही बऱ्याच जणांना माहीतच नसते.

चालू खात्यासाठी बँक धंद्याच्या नावाचे दोन कागद मागते. उद्यम आणि अन्नसुरक्षा हे दोन पुरले, तरी खातं उघडायला मे महिन्यात तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. गॅसचंही ऐका. घरगुती सिलिंडरवर विकायचा माल भाजणं नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेतला, अनामत आणि पहिल्या भरणीसह ५,२००.

आता किमतीबद्दल, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. ओळखीच्यांना मी अर्धा किलो ११० ला देत होते आणि 'बरे सुटतात' असं वाटत होतं. मे महिन्यात एका घाण्याचा हिशोब मांडला. जिन्नस ६७० रुपये. त्यातले ७० नुसत्या जिऱ्याचे, त्या वर्षी जिरं भलतंच कडाडलं होतं. घाण्यातून विकण्याजोगी पंधरा पाकिटं निघतात, उरलेलं गिरणीतल्या त्या पहिल्या पिठात, तळून पाहायला आणि नमुन्याला जातं. म्हणजे पाकिटामागे जिन्नस ४४.७०, गॅस ३.७०, दळण ६.९०, पाऊच आणि लेबल ९.५०. इथवर ६४ रुपये ८० पैसे. मग निवडणं, धुणं, वाळत घालणं, भाजणं, गिरणी, भरणं असे घाण्याला सहा तास. तासाला ८० रुपये धरले तरी पाकिटामागे ३२. एकूण ९६.८०, त्यावर नासधूस आणि पोचवण्याचा खर्च धरून १०५. दुकानदार छापील किमतीच्या वीस ते पंचवीस टक्के घेतो. ११० छापून वीस टक्के दिले तर हातात ८८ येतात. म्हणजे प्रत्येक पाकिटाला सतरा रुपये पदरचे. १४० छापले तेव्हा ११२ हातात आले आणि सात रुपये सुटले. आपल्या तासांचे पैसे न धरता 'फायदा' म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

जीएसटीची नोंदणी घेतली नाही. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत ती सक्तीची नाही. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. बंगळुरूच्या मराठी मंडळींनी मागणी केली तेव्हा नाइलाजाने नाही म्हटलं. त्यांच्या पुण्यातल्या नातेवाइकांनी इथे विकत घेतली आणि स्वतः पाठवली. पुढे नोंदणी घ्यायची तर भाजणी कुठल्या एचएसएनमध्ये, म्हणजे मालाचा कर ठरवणाऱ्या सांकेतिक क्रमांकात, बसते हे सीएकडून लेखी घ्या. पाकीटबंद पीठ आणि तयार मिश्रण यांत कराच्या दृष्टीने फरक पडू शकतो.

अन्नप्रक्रियेची केंद्राची पीएमएफएमई योजनाही पाहिली. तेव्हा तीत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान होतं, कमाल १० लाख. अर्ज केला नाही. अनुदान लगेच हातात पडत नव्हतं, तीन वर्षं बँकेत राहून मग कर्जात वळतं व्हायचं. स्वतःची गिरणी किंवा भाजणी यंत्र घ्यायचं असेल तर तो विचार करावा. कढई आणि उलथन्यावर चालणाऱ्या कामाला कर्जाचा हप्ता झेपत नाही.

विक्री ५ जूनला सुरू झाली, थालिपीठाच्या भाजणीने. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्यामुळे ज्वारी-बाजरीचं नाव लेबलवर दिसताच दुकानदार एक खण द्यायला राजी झाले. पण पाऊस लागला आणि दोष बाहेर आले. बाहेरून कागद दिसणारे, खिडकीवाले पाऊच घेतले होते. नुसता कागद ओल आत घेतो, आतून प्लॅस्टिकचा थर लागतो. पहिली पन्नास पाकिटं तीन आठवड्यांत मऊ पडली. नंतर तीन थरांचे, झिपवाले, सात रुपयांचे घेतले. तरी एका दुकानातून चौदा पाकिटं परत आली, तोंडाशी शिवण उघडलेली. सीलिंग मशीन बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेणार होते. दोष मशीनचा नव्हता. भरताना पिठाची धूळ तोंडाच्या पट्टीवर बसते, त्या धुळीवर गरम पट्टी दाबली की प्लॅस्टिक एकमेकांना चिकटतच नाही. लांब नळीचं नरसाळं आणि सील करण्याआधी कोरड्या फडक्याचा एक हात, एवढ्याने प्रश्न सुटला. आणखी एक. गिरणीतून पीठ गरम येतं. ते सुती चादरीवर पसरून किमान चार तास ठेवायचं. कोमट भरलं तर आतल्या बाजूला वाफ धरते आणि आठवड्यात गुठळ्या होतात.

जुलैत ट्रेडमार्कचा अर्ज केला, पीठ-मसाल्यांसारखा माल ज्यात येतो त्या वर्ग ३० मध्ये, लहान उद्योगाला ४,५०० रुपये. आधी मनात असलेलं नाव पदार्थाचं वर्णन करणारं होतं. 'खमंग', 'चविष्ट', 'घरगुती' असल्या नावांवर हमखास आक्षेप येतो. पोर्टलवर मोफत शोध घेऊन वेगळं नाव ठरवलं. अर्ज केल्यावर टीएम लिहिता येतं, वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. माझ्याही अर्जावर आक्षेप आलाच, त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. दिलं. पुढचं अजून चालू आहे.

अधिक श्रावणामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेली, लक्ष्मीपूजन १२ ला. तो जास्तीचा महिना नसता तर माझी तयारी झाली नसती. चकलीच्या भाजणीचा खरा खप दसऱ्यानंतरच्या पंधरा दिवसांत होतो. १० ऑक्टोबरपासून चोवीस घाणे झाले, ३६० पाकिटं. एका माणसाला दिवसाला दोन घाणे, त्यापुढे हात चालत नाही आणि भाजणं बिघडतं. गिरणीची वेळ नवरात्रातच बोलून ठेवा. नंतर आमच्या गिरणीवाल्याने सकाळी सातच्या आतली वेळ दिली, तीही उपकार केल्यासारखी. प्रत्येक घाण्यातलं शंभर ग्रॅम तळून पाहिलं आणि त्याच्या दोन चकल्या बॅच क्रमांकाच्या चिठ्ठीसकट डब्यात ठेवल्या. तक्रार आली की त्याच बॅचची चकली खाऊन पाहता येते. 'चकली तुटते' या फोनांमागे बहुतेक वेळा थंड पाणी निघालं, 'विरघळते' यामागे जास्त मोहन. मग पाकिटात चिठ्ठी टाकायला लागले: अडीचशे ग्रॅम भाजणीला दोन मोठे चमचे तेल, साधारण २२५ मिली उकळतं पाणी, वीस मिनिटं झाकण. फोन निम्म्याने कमी झाले.

दुकानांचे पैसे तीस ते पंचेचाळीस दिवसांनी येतात, न खपलेला माल परत येतो. सुरुवातीचा सगळा खर्च, धान्य सोडून, ४२ हजारांच्या आसपास झाला, त्यात बुडालेली लेबलंही आली. २० नोव्हेंबरला दुकानांतून ४१ पाकिटं परत आणली. भाऊबीज झाली की चकलीची भाजणी कोणी हातात घेत नाही, तारीख जानेवारीची असली तरी. त्यातली २६ एका डबेवाल्या ताईंनी ९० रुपयांनी घेतली, त्या कडबोळी करतात. पंधरा घरात राहिली. शेवटचे तीन घाणे केले नसते तरी चाललं असतं असं वहीत त्या तारखेखाली लिहिलं आहे.